‘राज्य चालवलंय, देशही चालवेल’ म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

या पत्राला निमित्त झालं पिठलं-भाकरीचं. गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या घरी पॉटलक होतं, म्हणजे ज्यानं-त्यानं पदार्थ आणून केलेलं जेवण. पुरुषमंडळी खाली बेसमेंटमध्ये, आम्ही वर ओट्याशी आणि दोन्हीकडचं ऐकू येईल अशा बेतानं कॉलेजातली मुलं जिन्यात. विषय २०२८च्या अध्यक्षीय निवडणुकीवर गेला. एक ज्येष्ठ स्नेही भाकरी वाढून घ्यायला वर आले होते. ताटातली मिरची बाजूला सारत ते म्हणाले, “सिनेटर नुसता बोलतो गं. गव्हर्नरनं राज्य चालवलेलं असतं. राज्य चालवलं तो देशही चालवेल. विषय संपला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण तव्यावर भाकरी होती आणि वाद घालायला हात मोकळा नव्हता.

विषय मात्र संपला नव्हता. तो मनात घोळत राहिला म्हणून हे पत्र. आपल्यापैकी बरेचजण आता इथले नागरिक आहेत, मत देतात. आणि हे एक वाक्य आपल्यात इतकं सर्रास बोललं जातं, की त्याची उलटतपासणी कोणीतरी करायलाच हवी होती.

आधी शब्दाचा घोळ निस्तरते. त्या रविवारी सांगलीला सासऱ्यांना फोन केला तेव्हा हा विषय निघाला. ते म्हणाले, “गव्हर्नर म्हणजे राज्यपाल. त्यांना कसला अनुभव, शपथ देण्याचा?” आपल्याकडे राज्यपालाचा राष्ट्रपती होणं नवं नाही. प्रतिभाताई पाटील २००७ साली राजस्थानच्या राजभवनातून थेट राष्ट्रपती भवनात गेल्या. शंकर दयाळ शर्मा त्याआधी आपल्या मलबार हिलवरच्या राजभवनात राहून गेलेले. पण त्या दोन्ही खुर्च्या मानाच्या. इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, तोही लोकांनी थेट निवडलेला, ज्याच्यावर अविश्वासाचा ठराव येत नाही आणि ज्याचे आमदार रात्रीतून गुवाहाटीला जाऊन त्याला पाडू शकत नाहीत. हे सांगितल्यावर सासरे म्हणाले, “मग असं म्हण ना. मुख्यमंत्र्याचे पंतप्रधान झालेले आम्ही पाहिलेत. मोरारजी, नरसिंह राव, देवेगौडा, मोदी. चौघांची चार तऱ्हा.” मला या पत्रात जे सांगायचंय त्याची अर्धी मांडणी त्यांनी तिथंच करून टाकली.

आता खरं बोलायचं तर गव्हर्नरांबद्दल मलाही आदर आहे, आणि तो पुस्तकातून आलेला नाही. २०१२च्या ऑक्टोबर अखेरीस सँडी वादळ आलं, तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती. पेट्रोल पंपांनाही वीज नव्हती, म्हणजे टाकीत पेट्रोल असून बाहेर निघेना. जे थोडे पंप चालू होते तिथं मैलभर रांगा. न्यू जर्सीत आपल्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी, त्यामुळे रांग आणखीच संथ. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी १२ काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, सम-विषम लागू केलं. गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला, सम असेल तर सम तारखेला. आमचा आकडा ७. पाच नोव्हेंबरच्या पहाटे थर्मासमधला चहा घेऊन मी रांगेत उभी होते, पुढच्या गाडीतले गृहस्थ हातात कॅन घेऊन उतरले होते, आणि वर्षभर अमेरिकेच्या राजकारणावर वाद घालणाऱ्या मला पहिल्यांदा उमगलं की अध्यक्ष टीव्हीवर असतो, गव्हर्नर माझ्या टाकीत असतो.

दुसरा अनुभव पलीकडच्या पेनसिल्व्हेनियाचा. ११ जून २०२३ ला फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागात आय-९५ महामार्गाखाली पेट्रोलचा टँकर पेटला आणि वरचा पूल कोसळला. माझ्या नवऱ्याचा जाण्यायेण्याचा रस्ता तोच. टँकरचा चालक त्यात गेला, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. मग महिनोन्महिने वळसा घालावा लागणार म्हणून आम्ही घरी वेळापत्रकं नव्यानं बसवत होतो. गव्हर्नर जॉश शपिरो यांनी आणीबाणी जाहीर करून टेंडरांचे नेहमीचे सोपस्कार बाजूला ठेवले. खड्डा भरायला टाकाऊ काचेपासून बनवलेले हलके खडे वापरले, चोवीस तास काम चाललं आणि त्यावर कॅमेरा लावून ठेवला. आमच्या घरी लोक क्रिकेट बघतात तसं ते बघितलं गेलं. शेवटच्या टप्प्यात पावसाची चिन्हं दिसली, तर मोटार शर्यतींचा ट्रॅक वाळवायचं जेटसारखं यंत्र पोकोनोहून आणून रस्ता कोरडा ठेवला. १२ दिवसांत वाहतूक सुरू. ज्यानं हे करून दाखवलं त्याला नुसत्या भाषणं करणाऱ्याच्या वर ठेवावंसं वाटलं, तर त्यात चूक काय?

चूक नाही. पण त्या गोष्टीचा एक भाग आपण सांगायला विसरतो. पैसे वॉशिंग्टननं दिले. गव्हर्नरच्या डोक्यावर एक छप्पर असतं. वादळ आलं की तो वर फोन करतो. अध्यक्ष कोणाला करणार?

मी आमच्या मंडळाची तीन वर्षं खजिनदार होते, त्यामुळे कार्यकारी अनुभव म्हणजे काय यावर माझं स्वतःचं मत आहे. कमिटीत दहा जण बोलायला असतात. गणपतीला सहाशे ताटं सांगायची की साडेचारशे, यावर तासभर चर्चा होते. पण केटररच्या चेकवर सही एकाची असते आणि ताटं उरली की नाव त्याचंच निघतं. सिनेटर कमिटीतला, गव्हर्नर सहीवाला. एवढा फरक खरा आहे आणि मोठाही. व्हरमाँट सोडून जवळपास सगळ्या राज्यांत बजेट जुळवणं बंधनकारक असतं, वॉशिंग्टनसारखं वर्षानुवर्षं कर्ज काढत राहता येत नाही. त्यामुळे गव्हर्नरला कोणाला तरी ‘नाही’ म्हणावंच लागतं, आणि ज्याला म्हटलं तो पुढच्या आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमात समोर बसलेला असतो.

आणखी एक फरक आहे, तो मात्र उलट दिशेनं चावतो. ४४ राज्यांच्या गव्हर्नरांना खर्चाच्या बिलातली एखादीच बाब खोडता येते. अध्यक्षाला ती मुभा नाही. अख्खं बिल घ्या नाहीतर अख्खं टाका. बिल क्लिंटन यांना काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, १९९६ साली कायदा करून ही कात्री दिली होती, त्यांनी ती १९९७ मध्ये चालवलीही. १९९८ साली सुप्रीम कोर्टानं काढून घेतली. म्हणजे राज्यात ज्या हत्यारावर हात बसला, तेच हत्यार मोठ्या घरात गेल्यावर मिळत नाही.

आकडे झटपट उरकते, कारण आकड्यांवर वाद घालायला आपल्याला फार आवडतं. आजवर १७ अध्यक्ष आधी कुठल्या ना कुठल्या राज्याचे गव्हर्नर होते, थॉमस जेफरसनपासून धाकट्या बुशपर्यंत. १९७६ ते २००४ या आठ निवडणुकांपैकी सात माजी किंवा विद्यमान गव्हर्नरांनी जिंकल्या, मधली १९८८ची तेवढी थोरल्या बुश यांची. आपल्यातली जी पिढी ऐंशी-नव्वदच्या दशकात इथं आली, तिच्या डोक्यात ‘अध्यक्ष म्हणजे माजी गव्हर्नर’ हे समीकरण त्या काळानं घातलंय. व्हिएतनामचं युद्ध आणि वॉटरगेटचा घोटाळा यांनंतर लोकांना वॉशिंग्टनचा माणूसच नको होता, हे त्यामागचं कारण. २००४ नंतर मात्र एकही गव्हर्नर निवडून आलेला नाही. मिट रॉम्नी २०१२ साली उमेदवारीपर्यंत पोचले आणि मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतःच सही केलेला आरोग्यविमा कायदा त्यांना पक्षातच अडचणीचा झाला, म्हणजे अनुभवच आडवा आला. २०१६ साली रिपब्लिकन पक्षातून नऊ आजी-माजी गव्हर्नर उतरले होते, आपल्या भारतीय वंशाचे बॉबी जिंदल धरून. नऊही हरले, आणि ज्यानं हरवलं त्या ट्रम्पनं सरकारात एक दिवस काढलेला नव्हता. निक्की हेली २०२४ मध्ये उमेदवारीच्या लढतीत, आधी ज्या साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नर होत्या तिथंच हरल्या. टेक्ससवर तब्बल १४ वर्षं राज्य केलेले रिक पेरी २०११च्या एका वादसभेत आपण बंद करणार असलेल्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव विसरले आणि ‘उप्स’ म्हणाले. उमेदवारी तिथंच बुडाली. ते तिसरं खातं ऊर्जेचं होतं आणि २०१७ साली पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले! असो.

पण निवडून येणं वेगळं आणि त्या खुर्चीला पुरून उरणं वेगळं. माझा मुद्दा दुसऱ्याबद्दल आहे. गेल्या काही आठवड्यांत मी जरा वाचन केलं आणि मला असं दिसलं की प्रत्येक गव्हर्नर आपलं राज्य बरोबर घेऊन वॉशिंग्टनला जातो. राज्यानं त्याला जो धडा शिकवला, तोच तो तिथं गिरवतो. धडा लागू पडला तर उत्तम. नाही पडला तर चार वर्षं देश भोगतो.

जिमी कार्टर यांचंच बघा. १९७१ साली जॉर्जियाचे गव्हर्नर झाले, वंशभेदाचा काळ संपला असं शपथविधीच्या भाषणातच त्यांनी ठणकावून सांगितलं. तिथं त्यांनी केलेलं मोठं काम म्हणजे सुमारे ३०० सरकारी संस्था-मंडळं गुंडाळून २२च्या आसपास आणली. विरोधाला त्यांचेच नायब गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स, वर्णभेदवाले आणि आडमुठे. कार्टर अभ्यास करून यायचे, आकडे तोंडपाठ असायचे, सौदेबाजीचा तिटकारा. आपण बरोबर आहोत आणि समोरचे आपापली दुकानं सांभाळतायत, अशी त्यांची खात्री होती. आणि जॉर्जियात ते बरेचसे खरंही होतं! समोरच्यांना पटलं नाही तरी ते मागे हटले नाहीत आणि जिंकले. राज्यानं धडा दिला : अभ्यास पक्का ठेव, झुकू नकोस.

तोच धडा घेऊन ते १९७७ साली व्हाइट हाउसमध्ये गेले. पहिल्या दोन महिन्यांच्या आत धरणं-कालव्यांच्या दीडेक डझन प्रकल्पांचे पैसे तोडायचं जाहीर केलं. कागदावर बघितलं तर त्यातले बरेच प्रकल्प खरोखर उधळपट्टीचे. पण ते प्रकल्प कोणाचे होते? त्यांच्याच पक्षाच्या बड्या खासदारांचे, ज्यांच्या मतांवर पुढची सगळी बिलं पास व्हायची होती. त्यांना आधी फोनसुद्धा नीट गेले नाहीत. सभापती टिप ओनील यांची तर शपथविधीच्या सोहळ्यापासूनच तक्रार होती, घरच्या लोकांसाठी मागितलेली तिकिटं पार मागच्या रांगेतली मिळाली म्हणून. तुम्हीआम्ही हसू नये. व्याह्यांना मागच्या पंगतीत बसवलं तर पुढची दहा वर्षं काय होतं, हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्यानं तर अजिबातच हसू नये. दोन्ही सभागृहांत स्वपक्षाचं दणदणीत बहुमत असून कार्टर यांची निम्मी ताकद घरच्यांशी भांडण्यात गेली. अध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थळी मात्र तोच हट्ट, तोच अभ्यास, नकाशे घेऊन तेरा दिवस बसणं कामी आलं. इजिप्त-इस्राएल तहाची पायाभरणी झाली. माणूस एकच, धडा एकच, मैदानं दोन.

क्लिंटन यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगाविशी वाटते, कारण तिच्यात एक पराभव आहे. १९७८ साली ३२व्या वर्षी आर्कन्सॉचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, तेव्हाचे देशातले सर्वांत तरुण. डोक्यात शंभर योजना. रस्त्यांसाठी पैसा हवा म्हणून गाड्यांच्या नोंदणीची फी वाढवली, तीही वजनाच्या हिशेबानं. गरीब राज्य, लोकांकडे जुने अवजड पिकअप ट्रक. म्हणजे ज्याच्याकडे खटारा, त्यालाच फटका. दरवर्षी आपापल्या काउंटीच्या कचेरीत स्टिकर घ्यायला रांगेत उभा राहणारा माणूस खिडकीपाशी आकडा ऐकून काय म्हणत असेल, याची कल्पना मला आहे. मीही पैशाच्याच खिडकीमागे काम करते. त्यात वॉशिंग्टननं क्युबातले निर्वासित तिथल्या फोर्ट चॅफीमध्ये आणून ठेवले आणि १९८०च्या उन्हाळ्यात तिथं दंगल झाली. तेव्हा आर्कन्सॉत मुदत दोनच वर्षांची. नोव्हेंबरात लोकांनी त्यांना घरी पाठवलं. चौतिशीत माजी गव्हर्नर!

पुढे जे केलं ते खरं शिक्षण. राज्यभर फिरून लोकांना भेटले, आपलं काय चुकलं ते ऐकून घेतलं. १९८२च्या प्रचाराची सुरुवातच टीव्हीवर माफी मागून केली. त्याच वर्षी बायकोनं रॉडम ऐवजी क्लिंटन आडनाव लावायला सुरुवात केली, कारण राज्याला ते खटकत होतं. (यावर आम्ही ओट्याशी उभ्या असलेल्या बायकांचं काय मत पडलं, ते वेगळ्या पत्रात लिहीन.) परत निवडून आले आणि नंतर दहा वर्षं टिकले. त्या राज्यात गव्हर्नरचा व्हेटो, म्हणजे बिल नाकारायचा अधिकार, विधिमंडळाला साध्या बहुमतानं उलटवता येतो, म्हणजे व्हेटो कसला, नाराजीचं पत्रच. तिथं टिकायचं तर एकेका आमदाराच्या खांद्यावर हात टाकावा लागतो.

आता १९९४ आठवा. आरोग्यविम्याची मोठी योजना कोसळलेली, काँग्रेसची दोन्ही सभागृहं हातची गेलेली, त्यातलं हाउस, म्हणजे खालचं सभागृह, तर ४० वर्षांनी. दुसरा कोणी तिथंच संपला असता. पण क्लिंटन एकदा असे घरी बसून आले होते. मार खाल्ल्यावर कसं वळायचं हे त्यांना आर्कन्सॉच्या राजधानीनं, लिटल रॉकनं शिकवलं होतं. दोन वर्षांनी आरामात निवडून आले. त्या वळण्यात त्यांनी आपल्याच गरीब मतदारांचं किती नुकसान केलं यावर आजही वाद आहे आणि १९९६च्या कल्याण योजनांच्या कायद्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण मुद्दा धड्याचा आहे, आणि तो धडा गव्हर्नरकीच्या यशातून नाही तर अपयशातून आला.

रोनाल्ड रेगन यांना आपल्यातले बरेचजण ‘नट होता’ म्हणून उडवून लावतात. पण तो नट आठ वर्षं कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता. करविरोधक म्हणून निवडून आला आणि तिजोरी रिकामी दिसल्यावर १९६७ साली राज्याच्या इतिहासातली भलीमोठी करवाढ त्यानंच केली. पुढे पगारातून परस्पर आयकर कापण्याला त्यांचा विरोध होता. आपले पाय या प्रश्नावर काँक्रीटमध्ये रोवलेत असं ते म्हणायचे. मग माघार घ्यायची वेळ आली तेव्हा पत्रकारांना म्हणाले, तुम्हाला ऐकू येतोय तो काँक्रीट तडकल्याचा आवाज. विरोधी पक्षाचे सभापती बॉब मोरेटी यांच्याशी १९७१ साली त्यांनी समोरासमोर बसून तडजोड केली. बारा वर्षांनी टिप ओनील यांच्याशी सोशल सिक्युरिटीवर जो समझोता झाला, ज्याच्या जिवावर आपले इथले निवृत्त काका-काकू आज चेक घेतात, त्याची तालीम कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत झाली होती.

आणि धाकटे बुश. टेक्सस हे नाव ऐकलं की आपल्याला वाटतं केवढा मोठा कारभार. राज्य मोठंच, गव्हर्नरची खुर्ची मात्र कमकुवत. महत्त्वाची खाती सांभाळणारे बरेच लोक तिथं स्वतंत्रपणे निवडून येतात, सिनेटवर नायब गव्हर्नरची पकड असते आणि विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा १४० दिवस भरतं. बुश यांच्या काळात नायब गव्हर्नर होते बॉब बुलक, डेमोक्रॅट, जुनं खोड. त्यांचं आणि बुश यांचं मेतकूट जमलं. सभापती पीट लेनी हेही डेमोक्रॅटच. डिसेंबर २००० मध्ये कोर्टानं निकाल दिल्यावर बुश यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केलं ते ऑस्टिनच्या विधानसभेतून, आणि त्यांची ओळख करून दिली लेनी यांनी. मला ते दृश्य प्रामाणिक वाटतं. बुश यांना खरंच वाटत होतं की आपण माणसं जोडतो. पण टेक्ससचे डेमोक्रॅट म्हणजे वॉशिंग्टनचे डेमोक्रॅट नव्हेत. शिक्षणाच्या कायद्यापुरते टेड केनेडी बरोबर आले, पुढे सगळं फाटत गेलं. आणि इराकसारख्या निर्णयासाठी तर ऑस्टिननं काहीच शिकवलेलं नव्हतं. कुठलंच राज्य शिकवत नाही. गव्हर्नरच्या हाताखाली नॅशनल गार्ड असतो, परराष्ट्र खातं नसतं.

मग उत्तम उदाहरण कोणतं? माझ्या मते फ्रँकलिन रूझवेल्ट. १९२९ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले तेव्हा विधिमंडळ रिपब्लिकनांचं. त्यांच्या डोक्यावरून थेट लोकांशी बोलायला त्यांनी आल्बनीतून रेडिओ वापरायला सुरुवात केली. अध्यक्ष झाल्यावर गाजलेल्या त्या शेकोटीपाशी बसून मारल्यासारख्या गप्पांची ही रंगीत तालीम. मंदीत १९३१ साली राज्याची बेकारांना मदत देणारी यंत्रणा उभी केली, ती हॅरी हॉपकिन्स यांनी चालवली. दोन वर्षांनी तेच हॉपकिन्स देशभराची मदत वाटत होते. राज्याच्या कामगार खात्यातल्या फ्रान्सिस पर्किन्स देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. म्हणजे रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनला अनुभव नेला म्हणजे काय नेलं? माणसं नेली आणि चालवून बघितलेली कामं नेली.

कोणी म्हणेल, लिंकनना कुठं होता असला अनुभव? नव्हता. एकदाच खासदार झालेला वकील. त्यांच्या आधीचे बुकॅनन म्हणजे बायोडेटाचा नमुना, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, राजदूत म्हणून लंडनला, आणि इतिहासकार त्यांना तळाशी टाकतात. लिंकननंतर आलेले अँड्र्यू जॉन्सन टेनेसीचे गव्हर्नर राहिलेले, त्यांच्यावर महाभियोग चालला. आपल्या न्यू जर्सीतून एकच गव्हर्नर अध्यक्ष झाला, वुड्रो विल्सन, तेही जेमतेम दोन वर्षं राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला काढून. त्यांनी आपल्याला उभं करणाऱ्या पक्षाच्या बॉसलाच झुगारलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि कोणापुढे वाकायचं नसतं हा धडा पक्का बसला. तो १९१९ मध्ये राष्ट्रसंघाच्या करारावर सिनेटपुढे नडला. प्रिन्स्टनला पाहुणे आले की आपण त्यांना विद्यापीठ दाखवतो. हे सांगत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, की ‘राज्य चालवलंय’ या शब्दांवर थांबू नका. कोणतं राज्य, कोणती खुर्ची, समोर कोण होतं ते विचारा. न्यू जर्सीचा गव्हर्नर देशातल्या सगळ्यात बळकट गव्हर्नरांपैकी, ॲटर्नी जनरलसुद्धा तोच नेमतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरला १९९६ पर्यंत व्हेटोच नव्हता. दोघांचा ‘चार वर्षांचा अनुभव’ एका तागडीत कसा घालणार? येत्या निवडणुकीसाठी ज्या गव्हर्नरांची नावं घेतली जातायत त्यांच्याकडे याच डोळ्यांनी बघा. कॅलिफोर्नियात गॅव्हिन न्यूसम यांच्या मागं विधिमंडळात स्वपक्षाचं दोन-तृतीयांशाहून मोठं बळ राहिलं. त्यांनी केलेली कामं मोठी असतील, पण विरोधकाशी बसून काही मिळवावं लागलंय का? फ्लोरिडात रॉन डिसँटिस यांना हाच प्रश्न, पक्ष तेवढा उलटा. केंटकीत डेमोक्रॅट अँडी बेशीअर यांचा व्हेटो रिपब्लिकन विधिमंडळ सहज उलटवतं, तरी ते दोनदा निवडून आले. ते कसं जमवलं? शपिरोंनी पुलाच्या जागी १२ दिवसांत वाहतूक सुरू केली, कबूल. पण त्यांच्याच राज्याचं २०२५चं बजेट जूनअखेर व्हायचं ते नोव्हेंबरात झालं, कारण एक सभागृह त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं आणि दुसरं रिपब्लिकनांचं. कॅमेऱ्यासमोरचा पूल पाहिलात तर बंद दाराआडचं ते बजेटही पाहा. त्यातला कोणता शपिरो वॉशिंग्टनला जाईल, हे मला पुलापेक्षा त्यावरून जास्त कळेल.

आणि पराभव विचारा. जो कधीच पडला नाही त्याच्याबद्दल मला थोडी धाकधूक वाटते.

जाता जाता व्यवहाराचं. आपल्यातले बहुतेक जण कुठल्याच पक्षात नाव न घातलेले मतदार आहेत. न्यू जर्सीत अशा मतदाराला प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं, हे पॉटलकला निम्म्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याकडची अध्यक्षीय प्रायमरी जूनमध्ये, तोवर निकाल लागून गेलेला असतो ही कुरकुर रास्त आहे. पण गव्हर्नरची निवडणूकही आपणच करतो, आणि उद्याचे उमेदवार त्याच रांगेतून निघतात. आपल्यासारखी बाहेर जन्मलेली माणसं अध्यक्ष होऊ शकत नाहीत, गव्हर्नर होऊ शकतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते. हरले. जिंकल्या त्या ग्रेचेन व्हिटमर, ज्यांचं नाव आज अध्यक्षपदासाठी घेतलं जातं. ठाणेदार पुढे काँग्रेसवर निवडून गेले. आपली मुलं मात्र दोन्ही होऊ शकतात. जिन्यात बसून ती ऐकत होती, म्हणून हे सांगितलं.

ज्या स्नेह्यांच्या वाक्यावरून हे सुरू झालं त्यांना हे पत्र आधी वाचायला दिलं होतं. त्यांचं उत्तर आलं : “एवढं सगळं वाचून मत कुणाला द्यायचं ते लिहिलंच नाहीस.” नाही लिहिलं. पुढचं पॉटलक त्यांच्याकडे आहे. आपल्या आवडत्या गव्हर्नरनं कोणत्या बिलावर व्हेटो मारला आणि विधिमंडळानं पुढे काय केलं, एवढं ज्यानं-त्यानं शोधून यावं. भाकरी मी थापते. या वेळी वाद घालायला मोकळी राहीन, तव्याशी दुसरं कोणीतरी उभं राहा.

आपली,
एडिसनची एक मतदार